मथळ्याला मथळा म्हणा

समजा, तुमच्या मराठी मंडळाचा वार्षिक अंक तयार करायचं काम तुमच्याकडे आलं आहे. बारा लेख एका फाइलमध्ये आहेत. कुणाचे मथळे सोळा पॉइंटचे, कुणाचे वीसचे. छपाईच्या आदल्या दिवशी ठरतं, मथळे लहान करा. एकेक निवडून बदलत बसलात तर रात्र जाईल, आणि तरी दोन-चार सुटतीलच.

यावर उपाय म्हणजे स्टाइल. मी लिब्रेऑफिस रायटरमध्ये दाखवते. वर्डमध्येही तत्त्व तेच.

मजकूर कसा दिसावा हे नंतर ठरवा, आधी तो काय आहे ते सांगा. मथळ्यावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि १ दाबा. तो ‘हेडिंग १’ झाला. उपमथळ्यासाठी कंट्रोल आणि २. मग एफ ११ दाबून स्टाइलची यादी उघडा आणि ‘हेडिंग १’मध्ये आकार बदला. अंकातले सगळे मथळे एकदम बदलतात. याच मथळ्यांवरून अनुक्रमणिकाही तयार होते.

एखादा मथळा बदलला नाही, तर लेखकाने त्याला हाताने आकार दिलेला असतो आणि तो स्टाइलपेक्षा वरचढ ठरतो. ओळ निवडून कंट्रोल आणि एम दाबा. तो निघून जातो.

आता खास मराठीची अडचण. रायटर देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या गटात धरतो. स्टाइलमध्ये रोमन लिपीचा फॉन्ट वेगळा, या गटाचा वेगळा. फक्त रोमनचा बदललात, तर इंग्रजी शब्द बदलतील आणि मराठी तसेच राहतील. हा गट दिसत नसेल, तर टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये, भाषांच्या विभागात तो सुरू करा.

सगळं मनासारखं जमलं की मजकूर काढून फाइल टेम्प्लेट म्हणून जतन करा. हा तुमचा साचा. पुढच्या वर्षीचा अंक त्यातूनच सुरू करा. इंदूरचा लेख असो वा हैदराबादचा, अंक एकसारखा दिसेल.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरच्या मदतीने एका मथळ्यावरून थेट पुढच्या मथळ्यावर जातात. नुसती ठळक आणि मोठी केलेली ओळ त्यांच्यासाठी मथळा नसतेच. स्टाइल दिलेली असते. म्हणून आज एखादी जुनी फाइल उघडा आणि तिच्या मथळ्यांना स्टाइल द्या.