शब्द घोळविण्याचा आनंद

धर्मग्रंथाचे वाचन केवळ कर्तव्य म्हणून होऊ लागले की त्यातला आनंद बहुधा पहिल्या काही पानांतच आटतो. बायबलच्या बाबतीत तर वंशावळी, विधिनियम आणि शिरगणत्या यांच्या रानात उत्साही वाचकही वाट चुकतो. मग ज्यांना हा ग्रंथ जन्मभर पुरला, त्यांनी तो वाचला तरी कसा?

स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच स्तोत्रात याचा धागा सापडतो. तेथे वर्णिलेला सुखी मनुष्य नियमशास्त्राचे अहोरात्र मनन करतो. या मननासाठी मूळ हिब्रूत ‘हागा’ हे क्रियापद आहे. डोळे मिटून स्तब्ध बसणे हा त्याचा अर्थ नव्हे. हलक्या आवाजात पुटपुटणे, हा होय. यशयाच्या ग्रंथात हेच क्रियापद भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि घुमणाऱ्या पारव्यासाठीही आले आहे. ज्यांच्या घरात पहाटे पोथीचा स्वर ऐकू येई, त्यांना ही कल्पना परकी वाटू नये.

पंडिता रमाबाईंना ती परकी नव्हतीच. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला. त्याच मातेने रमाबाईंकडून भागवत मुखोद्गत करून घेतले. आईवडील दुष्काळात गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. पाठांतर होते, पांडित्य होते, श्रद्धाही होती. तरी समाधान नव्हते. नुसत्या पुटपुटण्याने भागत नाही, हे यावरून उघड आहे.

केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळातून वाचविलेल्या स्त्रिया आणि मुली आणल्या. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा त्यांना उमगणे कठीण होते. म्हणून रमाबाईंनी उतारवयाकडे झुकताना हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि अवघ्या ग्रंथाचे भाषांतर एकटीने हाती घेतले. ‘सरस्वती’ म्हणविली गेलेली ही विदुषी आता पंडिती शब्द मुद्दाम बाजूला सारून, अक्षरओळख नुकतीच झालेल्या बाईला कळेल असा शब्द शोधू लागली. एकेक शब्द मूळ भाषेत घोळवायचा, मग मराठीत घोळवायचा, पुन्हा ताडून पाहायचा. अर्थशास्त्र श्रमांची नोंद खर्चाच्या बाजूस करते आणि मोबदल्याची जमेच्या. येथे मात्र श्रम हाच मोबदला होता. तसे नसते तर हे ओझे इतकी वर्षे कोणी वाहिले असते?

हे भाषांतर सर्वत्र रूढ झाले नाही, हे मान्य केले पाहिजे. सोपेपणाच्या आणि काटेकोरपणाच्या आग्रहापायी त्यातली मराठी कोठे कोठे खडबडीत झाली. पण ते विद्वानांच्या पसंतीसाठी केलेले नव्हतेच.

१९२१ साली कन्या मनोरमा निवर्तली. तिच्यावर संस्थेची सारी भिस्त होती. रमाबाईंचे काम त्यानंतरही चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले, तेही केडगावच्याच छापखान्यातून, जेथे खिळे जुळविण्याचे काम मुक्तिसदनातल्या स्त्रिया करीत असत.