पोटरीचे दुखणे आणि रक्ताची तपासणी

चालताना आजोबांची पोटरी दुखते आणि थांबल्यावर बरे वाटते, तर ते केवळ वयाचे दुखणे समजू नका. पायाच्या रोहिण्या आतून अरुंद झालेल्या असू शकतात. त्यांच्या भिंतीत दाह असतो, तेव्हा यकृत रक्तात 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन' जास्त सोडते. मात्र साध्या संसर्गातही ते वाढते. केवळ त्यावरून निदान होत नाही. घोट्याच्या वरच्या रक्तदाबाला दंडाच्या वरच्या रक्तदाबाने भागतात. उत्तर ०.९० किंवा कमी आले, तर हा रोग मानतात. तंबाखू व मधुमेह ही मोठी कारणे. आपल्या बालाघाटच्या जंगलातला तेंदूपत्ता अनेकांना रोजी देतो, पण त्याचीच बिडी पाय गमावण्याची वेळ आणू शकते. पालकहो, आजोबांना डॉक्टरांकडे अवश्य न्यावे.