‘नेट गेले’ : घरगुती राउटरच्या बिघाडाचे निदान

‘नेट गेले’ हे वाक्य रत्नागिरीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत जितक्या वेळा कानी पडते तितके क्वचितच दुसरे एखादे पडत असेल. भाषाभ्यासकाला हे वाक्य मौजेचे वाटावे असे आहे. ‘लाईट गेली’, ‘रेंज गेली’, ‘नेट गेले’ या तिन्ही वाक्यांत ‘जाणे’ हे क्रियापद ‘नाहीसे होणे’ या अर्थी आले असून, जाणाऱ्या वस्तूला कोणी घालविले हे सांगण्याची सोय त्यांत नाही. (‘लाईट’ आणि ‘रेंज’ यांना मराठीने स्त्रीलिंग दिले आणि ‘नेट’ला नपुंसकलिंग, हाही एक स्वतंत्र विचाराचा विषय आहे, पण तो येथे नको.) कर्त्याचा निर्देश टाळणारी ही रचना संभाषणाला सोयीची असली तरी बिघाड शोधू पाहणाऱ्याला ती अडचणीत टाकते. कारण या एका वाक्याच्या पोटात निदान पाच भिन्न अवस्था दडलेल्या असतात. यंत्राला वीज पुरेशी मिळत नसेल; बाहेरून येणाऱ्या तंतूतून संकेत येत नसेल; संकेत येत असून सेवा पुरविणाऱ्या संस्थेला आपल्या खात्याची ओळख पटत नसेल; खाते जोडले गेले असून संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकात्मक पत्ता शोधण्याचे काम अडले असेल; अथवा हे सर्व यथास्थित चालू असून घरातल्या घरात बिनतारी लहरीच आपल्या हातातील यंत्रापर्यंत पोहोचत नसतील. वाक्य एक, रोग पाच. आणि उपचार प्रत्येकाचा निराळा.

हा विषय आपल्या विभागाच्या पत्रिकेत का, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या विद्यार्थ्यांच्या परिस्थितीत आहे. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केल्याची वार्ता आपण सर्वांनी वाचली होती. त्याच वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडील विजेचे खांब आडवे केले, आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला समांतर निघून गेले. त्यानंतर घरोघर तंतू आले, राउटर आले. मौखिक परीक्षा, प्रबंधाची प्रकरणे, बोलींची ध्वनिमुद्रणे ही सर्व त्या लहानशा पेटीवर अवलंबून राहू लागली. परंतु पेटी थांबली असता तिच्याशी कसे वागावे हे कोणी शिकविले नाही. प्रस्तुत लेखकालाही ते एका चुकीतूनच शिकावे लागले. ती चूक पुढे सांगतो, कारण तिच्यात निदानपद्धतीचा एक महत्त्वाचा मुद्दा आहे.

प्रथम दिव्यांविषयी. ज्या घरांत फायबर म्हणतात तो काचेचा तंतू येतो, तेथे बहुधा दोन पेट्या असतात, किंवा दोहोंचे काम करणारी एकच असते. पहिली पेटी तंतूतील प्रकाशाचे विद्युत्-संकेतांत रूपांतर करते. दुसरी, म्हणजे खरा राउटर, ते संकेत घरातील निरनिराळ्या यंत्रांना वाटून देते. पहिल्या पेटीवर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ अशी अक्षरे असलेले दोन दिवे असतात. ‘पॉन’ हिरवा व स्थिर असेल तर बाहेरच्या केंद्राशी संबंध जुळलेला आहे. ‘लॉस’ तांबडा होऊन उघडझाप करू लागला तर तंतूतून पुरेसा प्रकाश येत नाही. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी ठेवावा. हा दिवा ‘प्रकाश येत नाही’ एवढेच सांगतो; का येत नाही ते सांगत नाही. झाडाची फांदी पडून तंतू तुटला असेल, तंतू कोठे फार वाकला असेल, किंवा केंद्रातीलच वीज गेली असेल, तरी दिवा एकच. म्हणून अशा वेळी त्याच संस्थेची सेवा घेणाऱ्या शेजाऱ्याकडे चौकशी करणे हा पहिला उपाय होय. त्याच्याकडेही तांबडा दिवा असेल तर आपल्या पेटीला हात लावण्याचे काही कारण नाही.

या तंतूंतून केंद्राकडून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारणतः १४९० नॅनोमीटर आणि घरातून केंद्राकडे जाणाऱ्याची १३१० नॅनोमीटर असते. दोन्ही प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे ‘प्रकाश येतो का बघू’ म्हणून तंतूचे टोक डोळ्यांसमोर धरणे निरर्थक आहे आणि धोक्याचेही. पेटीला किती अल्प प्रकाश पुरतो हेही पाहण्यासारखे आहे. प्रचारातील सामान्य यंत्रे सुमारे ०.००२ मिलिवॉट एवढ्या शक्तीपर्यंत संकेत ओळखतात. इतक्या नाजूक व्यवहारात जोडणीच्या टोकावर बसलेली धूळ किंवा कपाटामागे काटकोनात मुडपलेला तंतू पुरेसा घातक ठरतो. घरातील तंतू कोठेही तीव्र वाकलेला नाही एवढे पाहणे आपल्या हाती आहे. टोक उघडून पुसण्याचे काम मात्र जाणत्या कारागिरावर सोडावे.

‘पॉन’ स्थिर असूनही काम चालत नसेल तर शोध आतील बाजूस वळवावा. संगणकाला मिळालेला अंकात्मक पत्ता पाहिल्यास पुष्कळ उलगडा होतो. पुष्कळ घरांत तो १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. तसा असेल तर राउटरने संगणकाला पत्ता दिलेला आहे, म्हणजे या दोघांमधील संभाषण चालू आहे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाने पत्ता मागितला, कोणी उत्तर दिले नाही, आणि निरुपायाने त्याने स्वतःच एक पत्ता धारण केला, असे समजावे. पहिल्या प्रकारात पुढील परीक्षा करावी. संगणकावरून ८.८.८.८ या सार्वजनिक पत्त्याला हाक घालावी. ‘पिंग’ नावाची आज्ञा हेच काम करते. उत्तर आले, पण नाव टाइप करून कोणतेही संकेतस्थळ उघडत नाही, अशी स्थिती असेल तर दोष नावाचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेत आहे. ही डी.एन.एस. नावाची यंत्रणा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी रचली. जगातील सर्व संकेतस्थळांचा तो एक प्रकारचा विभागून ठेवलेला नामकोश आहे. कोश हरवला म्हणून वस्तू नाहीशी होत नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांना निराळे सांगावयास नको. राउटरमध्ये दुसऱ्या नामकोशाचा पत्ता घातला की हा बिघाड बहुधा दूर होतो.

आता चुकीची हकीकत. गेल्या जुलैमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीची मौखिक परीक्षा दूरस्थ पद्धतीने व्हावयाची होती. तिच्या गावी रेंज येत नसल्याने ती आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे येऊन राहिली होती. रात्री आठच्या सुमारास राउटर विचित्र वागू लागला. तंतूच्या पेटीवरील दिवे स्थिर होते. राउटरचे सर्व दिवे मात्र दर दोन-तीन मिनिटांनी एकदम मालवत आणि पुन्हा एकेक करून लागत. वायफायचे नाव फोनवर दिसे आणि नाहीसे होई. यंत्राच्या स्मरणात काही गोंधळ झाला असावा असे मानून मी टाचणी घेतली आणि मागच्या बारीक छिद्रातील कळ दहा सेकंद दाबून धरली. वाचकांपैकी ज्यांनी हे केले असेल त्यांना पुढचे कळलेच असेल. राउटर बंद करून पुन्हा चालू करणे आणि त्या छिद्रातील कळ दाबणे या दोन क्रिया लोक एकच समजतात, पण त्या अगदी भिन्न आहेत. पहिलीने यंत्र केवळ झोपेतून उठते. दुसरीने ते जन्मवेळच्या स्थितीला जाते. आपण दिलेले वायफायचे नाव, परवलीचा शब्द, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सेवा देणाऱ्या संस्थेच्या खात्याचे नाव व त्याचा गुप्त शब्द, हे सर्व पुसले जाते.

दिव्यांचे मालवणे थांबले नाहीच. शेजारचे काका विद्युत्-क्षेत्रातून निवृत्त झालेले आहेत, ते छत्री मिटत दारात उभे राहून क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, “सर, दिवे सगळे एकदम जातायत ना? मग दोष राउटरात नाही, त्याच्या खाण्यात आहे.” खाणे म्हणजे भिंतीतील अ‍ॅडाप्टर. त्यांचे अनुमान बरोबर होते. अ‍ॅडाप्टरमधील कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षे क्षीण होत जातात. असा अ‍ॅडाप्टर मोकळा मोजला तर १२ व्होल्ट दाखवितो, पण राउटर लहरी फेकू लागून वीज अधिक मागू लागला की दाब खाली येतो आणि यंत्र पुन्हा आरंभापासून सुरू होते. काकांनी आपल्या घरचा तितक्याच दाबाचा अ‍ॅडाप्टर आणून लावला. (दाब तोच हवा, अँपिअर तितके किंवा अधिक चालतात, आणि टोकाची धन-ऋण बाजू जुळली पाहिजे, या तिन्ही गोष्टी अ‍ॅडाप्टरवर छापलेल्या असतात.) दिवे स्थिर झाले. पण नेट आले नाही.

येथे मी दुसरी चूक केली. अ‍ॅडाप्टर बदलूनही सेवा सुरू झाली नाही, तेव्हा दोष अ‍ॅडाप्टरमध्ये नव्हता, असा निष्कर्ष मी काढला आणि काकांना तसे बोलूनही दाखविले. वर्णविचार शिकविणाऱ्या माणसाला हे लाजिरवाणे आहे. ‘पाट’ आणि ‘पाठ’ या युग्मावरून ट आणि ठ हे मराठीत भिन्न वर्ण आहेत असे आपण ठरवितो, ते बाकी सर्व घटक स्थिर असून एकच घटक पालटलेला असतो म्हणून. दोन घटक एकाच वेळी पालटले तर त्या युग्मावरून काहीच सिद्ध होत नाही. मूळ बिघाड अ‍ॅडाप्टरचा. कळ दाबून दुसरा बिघाड मी त्यावर चढविला. मग काकांनी पहिला दूर केला तरी दुसरा तसाच राहिला, आणि बाह्य लक्षण दोहोंचे एकच असल्यामुळे झालेली सुधारणा दिसली नाही. वस्तुतः ती दिसत होती, दिव्यांत. मी ‘नेट गेले’ या वाक्याकडे पाहत होतो, दिव्यांकडे नव्हे.

खात्याचा गुप्त शब्द घरात कोठेही लिहून ठेवलेला नव्हता. सेवा देणाऱ्या संस्थेचा फोन रात्री लागला नाही. सकाळी विद्यार्थिनीने पडवीच्या कोपऱ्यात, जेथे मोबाइलची रेंज त्यातल्या त्यात बरी येते तेथे स्टूल ठेवून, फोनच्या जोरावर परीक्षा दिली. मध्ये दोनदा आवाज तुटला आणि एका परीक्षकांना प्रश्न पुन्हा विचारावा लागला. ती उत्तीर्ण झाली. पण त्या तुटलेल्या आवाजाच्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे दिसले त्याला कारण पाऊस नव्हता, माझी टाचणी होती. दुपारी फोन लागला, नाव आणि शब्द मिळाले, आणि पाच मिनिटांत सेवा सुरू झाली.

राहिला प्रश्न घरातील लहरींचा. केबलने जोडलेल्या संगणकावर नेट चालते आणि बिनतारी फोनवर चालत नाही, तेव्हा दोष येथे शोधावा. घरगुती राउटर मुख्यत्वे दोन पट्ट्यांत बोलतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते, ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींची सुमारे ६. दुसऱ्या पट्ट्यात वेग अधिक, पण भिंती ओलांडण्याचे सामर्थ्य कमी. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात भिंतींपलीकडे बिनतारी लहर पाठवून घंटा वाजवून दाखविली होती, हे खरे. परंतु आपल्याकडील जुन्या घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या व फूट-दीड फूट जाड असतात, आणि जांभा सच्छिद्र असल्याने पाणी पितो. पाणी या लहरींना शोषून घेते. ज्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे मे महिन्यात मागच्या खोलीत व्यवस्थित येणारे वायफाय जुलैत क्षीण होते, याचे एक कारण राउटरमध्ये नसून भिंतीत असणे शक्य आहे. अशा वेळी फोनला २.४ च्या पट्ट्यावर आणावे, किंवा राउटर माजघराच्या दाराच्या रेषेत, उंचावर ठेवावा. लोखंडी कपाटावर वा फ्रीजमागे तो ठेवू नये.

विजेच्या कडकडाटाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. काचतंतू स्वतः वीज वाहत नाही, म्हणून फायबर असलेले लोक निर्धास्त असतात. पण आघात विजेच्या तारेतून अ‍ॅडाप्टरवाटे येऊ शकतो, तसाच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलेल्या तांब्याच्या केबलवाटेही. परिणामी राउटरचे दिवे लागतात, वायफायही चालते, आणि केबलचे एखादेच छिद्र मेलेले असते. दुसऱ्या छिद्रात केबल घालून पाहिल्यास हे तत्काळ कळते. मृगाच्या आधी आणि पुन्हा आश्विनात गडगडाट सुरू झाला की अ‍ॅडाप्टर भिंतीतून काढून ठेवणे हा यावर सर्वांत स्वस्त उपाय. नुसते बटण बंद करून भागत नाही.

आमच्या घरी आता खात्याचे नाव व गुप्त शब्द एका कागदावर लिहून तो राउटरच्या खाली चिकटविलेला आहे. दमट हवेने शाई फुटते, म्हणून पेन्सिलीने.