दोनच टायर बदलताना...

लातूरहून नांदेडचा रस्ता सुमारे 140 किलोमीटरचा. वाटेत खड्ड्यात आदळून टायर फाटला, की गाडीमालक बहुधा एका जोडीचे दोन नवे टायर घालून पुढे निघतो. साध्या गाडीत एवढ्यावर भागते. चारही चाकांना सतत शक्ती पुरवणाऱ्या ताकदवान गाडीत मात्र ही काटकसर अंगाशी येते.

235/55 आर 18 मापाच्या नव्या टायरचा घेर सुमारे 2248 मिलिमीटर असतो. नक्षी 4 मिलिमीटर झिजली, की तो 25 मिलिमीटरने घटतो. साहजिकच झिजलेले चाक किलोमीटरमागे पाच फेरे जास्त घेते. नांदेड गाठेपर्यंत सातशे! वळणावर पुढच्या व मागच्या चाकांच्या फेऱ्यांत फरक पडतोच. तो सामावून घेण्यासाठी मधोमध डिफरन्शियल किंवा क्लच बसवलेला असतो. पण तो फरक क्षणभराचा. सरळ रस्त्यावरही तो कायम राहिला, तर क्लचच्या चकत्या घासत राहतात, तेल तापते आणि टायरच्या कितीतरी पट किमतीचा भाग निकामी होऊ शकतो.

माप तेच, पण बनावट निराळी असली तरी घेरात थोडा फरक असू शकतो. शिवाय ओल्या रस्त्यावर पुढची पकड एक आणि मागची दुसरी, हा धोका तर जिवाशीच. काही वेगवान गाड्यांचे मागचे टायर मुळातच रुंद असतात. तेथे हिशेब कारखान्यानेच जुळवलेला असतो.

कायद्यानुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी. या गाड्यांना तेवढा निकष पुरत नाही. सुबारू कंपनी तर चारही टायरच्या घेरात पाव इंचाहून, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटरहून अधिक तफावत नको, असे बजावते. निम्मी नक्षी झिजलेली असेल, तर चारही टायर एकदम बदलणेच स्वस्त पडते.