उडणारे पेंग्विन

झू म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पिंजरा, आत पाठ करून झोपलेला वाघ, आणि बाहेर ‘ए, ऊठ ना!’ ओरडणारी पब्लिक. मागच्या हिवाळ्यात एक्स्चेंज प्रोग्रॅमसाठी जपानला गेले, तेव्हा याच्या अगदी उलटं झू पाहिलं. होक्काइदो बेटावरच्या आसाहिकावा शहरातलं आसाहियामा झू! (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

या शहरात १९०२ साली उणे ४१ अंश तापमान नोंदलं गेलं. झू १९६७ चं. १९९४ मध्ये परजीवीच्या संसर्गाने इथला गोरिला दगावला, झू मध्येच बंद ठेवावं लागलं, लोक घाबरले. १९९६ मध्ये वर्षाला जेमतेम २.६ लाख लोक आले. कायमचं टाळं लागायचीच वेळ होती.

पैसा नव्हता, तेव्हा तिथल्या कीपर मंडळींनी स्वप्नातल्या झूची चित्रं काढली. संचालक मासाओ कोसुगे यांच्या काळात ती एकेक करून खरी झाली. आयडिया सिंपल होती: प्राणी नुसता दाखवायचा नाही, तो जे उत्तम करतो ते त्याला करू द्यायचं. पेंग्विन पोहण्यात पटाईत, म्हणून २००० साली पाण्याखालून काचेसारखा पारदर्शक बोगदा काढला. आपण खाली, पेंग्विन डोक्यावरून चक्क उडतात! सीलला उभं पोहायला आवडतं, म्हणून २००४ मध्ये त्याला उभा पारदर्शक सिलिंडर दिला. ध्रुवीय अस्वलाच्या आवारात जमिनीतून वर आलेला घुमट आहे. त्यात डोकं घातलं की सीलला अस्वल कसं दिसत असेल ते कळतं. माझी तर बोबडीच वळली!

हिवाळ्यात पेंग्विनना व्यायाम हवा, म्हणून त्यांना बर्फात फिरायला नेतात. मध्ये कुंपण नाही, बर्फावर फक्त एक रेघ. आणि ती कोणीही ओलांडत नाही!

२००६ मध्ये ३० लाखांवर लोक आले. नंतर गर्दी ओसरली, पण झू टिकलं.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. इथे प्राणी गेला की तशी पाटी लावतात, लपवत नाहीत. शेवटी बोगदा कितीही सुंदर असला तरी आतला जीव बंदीच ना? याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण आपण इंजिनीअर लोक ‘युजर’ म्हणतो तेव्हा तिकीट काढणाराच धरतो. आसाहियामाने आधी आतल्याचा विचार केला, आणि बाहेरचे आपोआप आले. प्रोजेक्टचा टॉपिक निवडताना एवढं आठवलं तरी पुष्कळ झालं.