तेल सांभाळा, हंगाम सांभाळा!

दोस्तांनो, अंकुशनगरच्या समर्थ साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या तुम्ही पाहिल्याच असतील. हल्ली फडात कोयत्यासोबत हार्वेस्टरही दिसतो. त्याची चाकं चालतात तेलाच्या जोरावर: इंजिन पंप फिरवतं, पंप तेल दाबतो, तेल मोटर फिरवतं. हीच हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह. आल्प्समध्ये बर्फ सपाट करणारं स्नोकॅटही याच तत्त्वावर पळतं.

इथं दाब 300-400 बारपर्यंत जातो; कारच्या टायरमध्ये असतो जेमतेम 2 बार. म्हणून डोळ्यांना न दिसणारी धूळही पंप खरवडते. जुनं मशीन घेतलंय? मग पावसाळ्यातच तेल बदला. थोडं चालवून, तेल कोमट झालं की इंजिन बंद करून काढा. घाणही सोबत निघते. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, करपट वास आला तर ते जास्त तापलंय. फिल्टर नवाच टाका. मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं तेल गाळून भरा. पंपाची केसिंगही आधी भरा, नाहीतर पंप कोरडा फिरेल. मग इंजिन मंद ठेवून हवा निघू द्या. फेस थांबतच नाही? कुठून तरी हवा ओढली जातेय.

आणि हो, गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाची बारीक धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

ऐन हंगामात मशीन बसलं, की ऊस फडात वाळतो आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. आयटीआयवाल्यांनो, हे काम शिकलेला माणूस तेव्हा गावाला हवाच असतो!