‘अभ्यागत’ आणि मुदत : एका प्रशासकीय संज्ञेचा विचार

‘ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी’ अशी व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते. आधुनिक व्युत्पत्तिशास्त्र ती न स्वीकारता हा शब्द ‘अत्’ (भ्रमण करणे) या धातूशी जोडते. व्हिसाच्या नियमांतील ‘अभ्यागत’ मात्र तिथीवाचून संभवतच नाही. ‘व्हिसा’ हे पदच मुळी ‘पाहिलेला कागद’ या अर्थाच्या लॅटिन शब्दसमूहाचा अवशेष होय.

या संज्ञेचा परिणाम वर्धा-नागपूर भागातील सिंधी कुटुंबांच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. फाळणीनंतर नागपूरच्या जरीपटक्यात त्यांची मोठी वसाहत झाली. कित्येकांचे आप्त सिंधमध्येच राहिले. जुलै १९४८ मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांस परवाना आवश्यक केला व त्यातच ‘तात्पुरता’ आणि ‘कायमचा’ हा भेद रुजला. ऑक्टोबर १९५२ पासून पारपत्र व व्हिसा आले. २०१२ च्या करारान्वये अभ्यागतास एका वेळी तीन महिने आणि नावानिशी नमूद केलेली अधिकाधिक पाच ठिकाणे, एवढी मर्यादा ठरली. व्हिसावर नागपूर आहे पण वर्धा नाही, तर पाऊणशे किलोमीटरवरील मावशीचे दर्शनही नियमबाह्य ठरावे!

‘मुदत’ हा अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला. मुदत मागता येते, वाढवून घेता येते. तीत विनंतीला वाव असतो. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर हा वाव उरला नाही. २४ एप्रिलच्या निर्णयाने पाकिस्तानी नागरिकांचे चालू व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाले. वैद्यकीय व्हिसांना २९ पर्यंत अवधी मिळाला. येथे मुदतवाढ नाकारली गेली एवढेच नव्हे, तर दिलेली मुदतही परत घेतली गेली. हिंदू पाकिस्तानी नागरिकांचे दीर्घकालीन व्हिसा मात्र कायम राहिले. परिणामी दीर्घकालीन व्हिसावर येथे राहणारी मुलगी राहू शकते. तिच्या बाळंतपणासाठी अभ्यागत म्हणून आलेल्या आईस जावे लागते.

सुरक्षिततेचा निर्णय शासनाचा. त्याची मीमांसा येथे अभिप्रेत नाही. परंतु बाळंतपणाला आलेल्या आईस मराठीत कोणी पाहुणी म्हणत नाही, सिंधीभाषक घरांतही म्हणत नसावेत. दीर्घकालीन व्हिसा स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या ठरावीक वर्गांसाठी असतो. आजारी भावाजवळ वर्षभर राहून परत जाऊ इच्छिणाऱ्या बहिणीसाठी या दोहोंमधली संज्ञा नियमांत नाही.